परदेशी गिऱ्हाइकाकडून टपालखर्च नेमका किती घ्यावा? (पोस्टकार्डं, तिकिटं, जुनी छापील चित्रं)

सुरसागर_काठ
नमस्कार मंडळी. बडोद्याच्या चित्र-पोस्टकार्डांचे लॉट ऑनलाइन विकायला काढते आहे. न्यायमंदिर, कीर्तिमंदिर, लक्ष्मीविलास, सगळी १९५५ ते १९६५ च्या दरम्यान छापलेली. बारा कार्डांचा एक लॉट. इंग्लंड, जर्मनी, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, चारही ठिकाणी पाठवायची तयारी आहे.

अडलंय ते टपालखर्चावर. तेवढ्याच पाकिटाला कुणी ‘शिपिंग फुकट’ लिहितो, तर कुणी कार्डांच्या किमतीहून जास्त लावतो. पदरचे जाऊ नयेत आणि घेणाऱ्याला लुबाडल्यासारखंही वाटू नये, असा आकडा कसा काढायचा? सगळ्या देशांना एकच सपाट दर ठेवला तर चालेल का?

जुनीतिकिटे
सपाट दर ठेवू नकोस. जवळच्या देशातला माणूस लांबच्याचं टपाल भरतो आणि लांबचे लोक तुझ्याकडेच गर्दी करतात. निदान तीन-चार गट पाड.

आणि दर कार्डांच्या वजनावर काढायचा नाही, बंद केलेल्या पाकिटाच्या वजनावर काढायचा. लिस्टिंग टाकायच्या आधी एक लॉट खरोखर बांध आणि तोल. नुसता अंदाज केला की फसगत टप्प्यांवर होते. पोस्टाच्या स्मॉल पॅकेटचा दर पहिल्या १०० ग्रॅमला आणि पुढे दर १०० ग्रॅमला असायचा, कमाल वजन २ किलो. मालासाठीची ती सेवा २०२६ च्या सुरुवातीपासून बंद आहे, पण रीत कळावी म्हणून तेच टप्पे धरू; खरे टप्पे तू निवडशील त्या सेवेच्या तक्त्यातून घे. आंतरराष्ट्रीय स्पीड पोस्टला पहिले २५० ग्रॅम आणि पुढे दर २५०. म्हणजे १०० च्या टप्प्यांत १०१ ग्रॅम भरलं की २०० चे पैसे.

तुझ्या लॉटचा हिशेब साधारण असा येईल. साधं कार्ड ९ बाय १४ सेंटिमीटर, सव्वातीन ग्रॅमच्या आसपास, बाराचे ४०. बारा प्लॅस्टिक बाह्या (स्लीव्ह) मिळून ११. दोन पुठ्ठे १७. पाकीट १४. लेबल, कस्टम्सचा फॉर्म आणि त्याची पारदर्शक पिशवी ९. चिकटपट्टी ३. झाले ९४. आता आत बिलाच्या दोन प्रती टाकल्यास तर साध्या ७५ जीएसएमच्या ए-फोर कागदाचं वजन पावणेपाच ग्रॅम असतं, दोनांनी १०३ होतात. दोन कागदांपायी पुढचा टप्पा! बिल अर्ध्या कागदावर छाप, एकच प्रत घाल, ९६ वर थांबशील.

पुठ्ठा_आणि_दोरी
काकांच्या हिशेबात एक जोड. ९६ म्हणजे १०० च्या आत खरं, पण पावसाळ्यात नाही म्हणा. पुठ्ठा आणि कागद हवेतली ओल पितात, एक-दोन ग्रॅम तिथेच वाढतात. शिवाय घरचा काटा आणि पोस्टातला काटा एक बोलत नाहीत. टप्प्याच्या आत निदान ४-५ ग्रॅम मोकळे ठेवायचे. काटा सोनारी पद्धतीचा, ०.१ ग्रॅम दाखवणारा घ्या. किचनचा काटा ५ ग्रॅमच्या पायरीने मोजत असेल तर या कामाला निरुपयोगी.

बांधणी. नालीदार तीन पदरी पुठ्ठ्याचे १२ बाय १७ चे दोन तुकडे. एकाच्या आतल्या लाटा उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या असल्या पाहिजेत. दोन्हींच्या लाटा एकाच दिशेला आल्या तर पाकीट त्या रेषेवर पापडासारखं मोडतं, आणि कार्डाला पडलेली घडी काही केल्या जात नाही. कार्डापेक्षा पुठ्ठा चारी बाजूंनी दीड सेंटिमीटर मोठा, म्हणजे मार पुठ्ठ्याच्या कोपऱ्याला बसतो.

कार्डं आत सरकली तरी कोपरे जातात. म्हणून गठ्ठा एका पुठ्ठ्याला पट्टीने बसवायचा, पट्टीचं एक टोक दुमडून ठेवायचं म्हणजे घेणाऱ्याला नखाने उचलता येतं. बाहीच्या तोंडावर पट्टी आणू नका. तो कार्ड ओढतो, कार्डाची पाठ पट्टीला चिकटते आणि तक्रार तुमच्यावर येते. रबर बँड तर अजिबात नको, कडेला खाच पडते आणि जुना रबर वितळून डाग सोडतो. बाह्या पॉलिप्रॉपिलीनच्या. मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या नकोत, त्यातलं तेल कागदात उतरतं.

हे सगळं सामान किरकोळ वाटतं पण मोजा. मांडवीतल्या कागदवाल्याकडून शेकड्याने घेतलं तरी पुठ्ठा, पाकीट, बाह्या, पट्टी, लेबल धरून एका लॉटमागे काही रुपये पडतातच. ते टपालखर्चात धरणं वावगं नाही.

राव_पुरा
सामान ठीक. पण बरेच जण ‘हँडलिंग’ म्हणून आपला वेळ, रिक्षा, पोस्टातली रांग हे सगळं टपालखर्चात घालतात. घेणारा पाकीट हातात धरतो तेव्हा त्याला त्यावरचा टपालाचा आकडा दिसतो. तुम्ही लावलेले दुप्पट निघाले की तो चांगला शेरा देत नाही, मग कार्डं कितीही सुंदर असोत.

सुरसागर_काठ
मग वेळेचे पैसे घ्यायचेच नाहीत का?

जुनीतिकिटे
घ्यायचे, पण मालाच्या किमतीत. टपालखर्चात फक्त तीनच गोष्टी: पोस्टाची पावती, बांधणीचं सामान, आणि साइट त्या टपालखर्चावर कापते ती फी.

ही तिसरी गोष्ट लोक विसरतात. ईबे आपली फी नुसत्या मालावर नाही, टपालखर्चासकट एकूण रकमेवर घेतं. एके काळी लोक एक डॉलरचं कार्ड आणि तीस डॉलर शिपिंग असं लावून फी चुकवायचे, त्यावरचा हा इलाज. आता हिशेबापुरती फी १५ टक्के धर (तुझ्या वर्गाची खरी टक्केवारी साइटवर बघ). पोस्टाची पावती समजा ४५० आणि सामान ३५, एकूण ४८५. लोक काय करतात, ४८५ वर १५ टक्के चढवतात, ५५८ लावतात. त्यातून १५ टक्के कापले की हातात ४७४ येतात. अकरा रुपये कमीच. गुणायचं नाही, भागायचं: ४८५ भागिले ०.८५, म्हणजे ५७१. आता कापून बरोबर ४८५ उरतात.

राव_पुरा
मान्य, पण घेणाऱ्याला ४५० चा शिक्का दिसतो आणि त्याने दिलेत ५७१. विचारणारच.

जुनीतिकिटे
विचारू दे. लिस्टिंगमध्ये एक ओळ टाकायची, की टपालखर्चात पाकिटाचं सामान आणि साइटची फी धरलेली आहे. आधीच लिहिलेलं असलं की भांडण होत नाही. याच्यापुढे रुपयाही चढवायचा नाही. चलन बदलताना बँक किंवा पेमेंटवाला जे कापतो ते मात्र मालाच्या किमतीत घाल, टपालात ओढू नकोस.

‘शिपिंग फुकट’ लिहिणाऱ्याने ते किमतीत घातलेलंच असतं. एका लॉटपुरतं ते ठीक. पण ज्याने तीन लॉट घेतले त्याने टपाल तीनदा भरलं, त्याचं काय?

मांडवी_४
एकत्र पाठवणीचा मुद्दा आलाच आहे तर तुमच्याच आकड्यांवर बघू. पहिला लॉट ९६ ग्रॅम. दुसरा लॉट त्याच पुठ्ठ्यांत, त्याच पाकिटात गेला तर वाढतात फक्त कार्डं आणि बाह्या, ५१ ग्रॅम. एकूण १४७, म्हणजे २०० चा टप्पा. तिसरा घातला की १९८. कागदावर अजून त्याच टप्प्यात, पण वर सांगितलेली ५ ग्रॅमची मोकळीक संपली. म्हणून ‘दुसरा लॉट घेतला तर टपाल एवढंच वाढेल’ असं बिनधास्त लिहा, तिसऱ्यासाठी ‘तोलून सांगते’ लिहा.

साइटवर एकत्र पाठवणीचा नियम आधीच भरून ठेवता येतो, तो भरा. नाही भरला आणि गिऱ्हाइकाने दोन्हींचं पूर्ण टपाल भरलं तर पाठवायच्या आधी फरक परत करा. पाकीट पोचल्यावर परत केलं तर ते मागितल्यावर दिल्यासारखं दिसतं.

सुरसागर_काठ
खूपच उपयोगी. सेवा कुठली निवडू? बंद झालेलं साधं स्मॉल पॅकेटच सगळ्यात स्वस्त होतं ना?

मांडवी_४
स्वस्त होतं, पण वाटेतला माग नव्हता. घेणाऱ्याने ‘मिळालं नाही’ म्हटलं की साइट तुमच्याकडे ट्रॅकिंग मागते, नसेल तर पैसे त्याला परत. कमी किमतीच्या लॉटला काही जण तो धोका पत्करायचे. पण मग नुकसानाचा वाटा सगळ्यांच्या टपालखर्चात लपवू नये, तो धंद्याचा खर्च.

आता मार्ग म्हणजे पोस्टाचं आंतरराष्ट्रीय ट्रॅक्ड पॅकेट. २ किलोपर्यंत जातं, स्पीड पोस्टपेक्षा पुष्कळ स्वस्त. सगळ्या देशांना मात्र नाही, म्हणून तुमचे चारही देश यादीत आहेत का ते लिस्टिंगच्या आधी पाहा. घेणाऱ्याला दोन पर्याय द्या, ट्रॅक्ड आणि स्पीड पोस्ट, दोन्हींचे खरे आकडे लावून. निवड त्याची असली की महाग वाटत नाही.

आता कागद. विक्री आहे, म्हणजे निर्यात आहे. आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा सरकारी क्रमांक काढा, विदेश व्यापार महासंचालनालयाच्या (डीजीएफटी) साइटवर ५०० रुपयांत निघतो. दरवर्षी एप्रिल ते जून त्यात माहिती बरोबर असल्याची खातरी नोंदवावी लागते, नाहीतर तो बंद पडतो, आणि हे कळतं ते नेमकं पार्सल हातात असताना! पोस्टल बिल ऑफ एक्स्पोर्ट (टपालाने निर्यातीचं कस्टम्सचं घोषणापत्र) २०२२ च्या नियमांपासून ऑनलाइन भरता येतं, डाक घर निर्यात केंद्राचं खातं उघडलं की घरूनच. जीएसटी नोंदणी असेल तर एलयूटी (कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र) भरलेलं असू द्या.

कस्टम्सचं लेबल ३०० एसडीआर (नाणेनिधीचं हिशेबी चलन) किमतीपर्यंत सीएन २२ हा छोटा फॉर्म, त्याहून जास्त किमतीला सीएन २३ हा सविस्तर फॉर्म. वर्णन ‘ओल्ड पेपर’ किंवा ‘कलेक्टिबल’ लिहू नका, तिथला माणूस त्याचा काहीही अर्थ काढेल. ‘छापील चित्र-पोस्टकार्ड, १२ नग’ असं इंग्रजीत स्पष्ट, नगांची संख्या, वजन, किंमत आणि सहा आकडी एचएस कोड (मालाच्या वर्गवारीचा जागतिक क्रमांक). पोस्टकार्डांचं शीर्षक ४९०९. जुनी तिकिटं ९७०४ मध्ये. चालू, न वापरलेली तिकिटं त्यात धरत नाहीत, ती ४९०७. फॉर्मवर ‘न पोचल्यास काय करायचं’ हा चौकोन असेल तर तो रिकामा सोडू नका.

राव_पुरा
काही गिऱ्हाइकं सांगतात, ‘गिफ्ट लिहा, किंमत दहा डॉलर लिहा.’ बरेच विक्रेते करतात.

मांडवी_४
करू नका. एक तर खोटं घोषणापत्र. दुसरं, पाकीट गहाळ झालं तर भरपाई घोषित किमतीवर, मग दहा डॉलरच्या वर बोलायची सोय नाही. तिसरं, साइटच्या नोंदीत विक्रीची किंमत, पोस्टाच्या नोंदीत दहा डॉलर, बँकेत आलेली रक्कम तिसरीच. हे तीन आकडे कधीतरी एका टेबलावर येतात. गिऱ्हाइकाला एवढंच कळवा, की बिलातली रक्कम तीच कस्टम्सवर.

सुरसागर_काठ
तिकडचा कर कुणी भरायचा? तो टपालखर्चात धरायचा का?

मांडवी_४
नाही, तो वेगळाच ठेवायचा. देशागणिक असं आहे.

युरोपीय संघात २२ युरोपर्यंतची सूट १ जुलै २०२१ ला संपली, तेव्हापासून पहिल्या युरोपासून व्हॅट. १५० युरोपर्यंतच्या मालावर मोठ्या साइट तो खरेदीच्याच वेळी घेतात आणि तुम्हाला आयओएसएस क्रमांक (व्हॅट आधीच घेतल्याची खूण) देतात. तो क्रमांक पाकिटावर पेनने लिहून भागत नाही, बुकिंग करताना कस्टम्सच्या इलेक्ट्रॉनिक माहितीत गेला पाहिजे. नाही गेला तर जर्मनीतला माणूस दारात दुसऱ्यांदा व्हॅट भरतो, वर पोस्टवाल्यांची हाताळणी फी, आणि शिव्या तुम्हाला. इंग्लंडमध्ये १ जानेवारी २०२१ पासून १३५ पौंडांपर्यंत अशीच पद्धत. त्यावरच्या मालाला संग्राह्य वस्तूंसाठी ५ टक्क्यांचा सवलतीचा दर आहे, पण वर्णन आणि कोड बरोबर असतील तरच तो मिळतो. ऑस्ट्रेलियात १००० ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत साइट १० टक्के जीएसटी घेते.

यात टपालखर्चाशी थेट संबंध असा, की व्हॅट माल अधिक टपाल अशा बेरजेवर लागतो. तुम्ही टपाल शंभराने फुगवलंत तर त्याला शंभरावरचा करही भरावा लागतो.

जुनीतिकिटे
अमेरिका वेगळी लिही, तिथे सध्या सगळ्यात गोंधळ आहे.

मांडवी_४
हो काका, तिच्यावरच येत होते. ८०० डॉलरपर्यंतची करमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून सगळ्याच देशांच्या मालाला बंद झाली. आपल्या टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून तिकडची बहुतेक बुकिंग थांबवली होती, ती १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू केली. आता शुल्क घोषित किमतीवर इथेच, बुकिंगच्या वेळी भरायचं. दर बदलत राहिले आहेत, तेव्हा कुणाच्या जुन्या पोस्टवरून आकडा उचलू नका, बुकिंगच्या दिवशीचा घ्या.

म्हणजे अमेरिकेच्या गिऱ्हाइकाला टपाल एक आकडा, शुल्क दुसरा. दोन्ही मिसळून ‘शिपिंग’ म्हणून लावलंत तर दोन तोटे. त्याला वाटतं टपालच एवढं घेतलं. आणि शुल्क किमतीप्रमाणे वाढतं, टपाल वजनाप्रमाणे, त्यामुळे एका लॉटचा आकडा दुसऱ्याला लागू पडत नाही. अमेरिकेसाठी वेगळी लिस्टिंग करून शुल्क मालाच्या किमतीत दाखवणं मला सरळ वाटतं. फक्त तसं केल्याचं स्पष्ट लिहायचं.

दगडीछाप
जरा उशिरा आलो. पोस्टकार्डांचं झालं, मोठ्या मालाचं काय? माझ्यासारखे देवादिकांच्या जुन्या शिळाछाप चित्रांचे, जाहिरातींचे, कॅलेंडरांचे शौकीन बरेच आहेत बडोद्यात. फ्रेमसकट चित्राला खासगी कुरियरने सांगितलेला दर ऐकून गिऱ्हाईकच पळतं.

पुठ्ठा_आणि_दोरी
फ्रेमसकट पाठवायचंच नाही. कुरियरवाले खरं वजन आणि आकारमानाचं वजन यांत जे जास्त त्याचे पैसे घेतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागायचं. फ्रेमची पेटी ४५ बाय ३५ बाय ८ झाली तर १२६०० भागिले ५०००, म्हणजे २.५२ किलो. काट्यावर भले १.४ भरो. अर्ध्या किलोच्या पायरीने ते ३ किलो धरतात. म्हणजे १.६ किलो हवेचं भाडं. त्यात काच फुटली की चित्रही फाटतं.

तेच चित्र फ्रेममधून काढून नळीत घाला. ६० सेंटिमीटर लांब, साडेसात व्यासाची नळी, कुरियर तिलाही चौकोनी पेटीच धरतो: ६० गुणिले ७.५ गुणिले ७.५ भागिले ५०००, ०.६७५. एक किलोत बसली. पोस्टाच्या स्मॉल पॅकेटलाही चालायची, आता ट्रॅक्ड पॅकेटची मापं पोस्टात विचारा. गुंडाळीसाठी स्मॉल पॅकेटचा नियम होता लांबी अधिक व्यासाची दुप्पट १०४ सेंटिमीटरच्या आत, आणि लांबी ९० च्या आत. आपली ६० अधिक १५, ७५. चौकोनी पाकिटाला लांबी, रुंदी, जाडी मिळून ९० आणि कुठलीही बाजू ६० पेक्षा जास्त नको, असा.

पण जुना कागद वाळून कडक झाला असेल तर गुंडाळू नका, शाईला तडे जातात. एक कोपरा हलकेच वाकवून बघा, कुरकुरला तर सपाट पाठवायचा आणि जास्तीचं भाडं गिऱ्हाइकाला आधी सांगायचं. गुंडाळताना चित्र बाहेरच्या बाजूला, मध्ये आम्लमुक्त बटर पेपर, आणि गुंडाळी नळीपेक्षा दोन बोटं आखूड. नळीच्या दोन्ही टोकांना पुठ्ठ्याची चकती आतून घालून मग झाकण. नुसतं प्लॅस्टिकचं झाकण वाटेत उडतं.

जुनीतिकिटे
दगडीछापराव, भाड्याच्या आधी एक बघा. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षं किंवा जास्त जुनी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. हस्तलिखितांना ७५ वर्षं. नाणी त्यात नाव घेऊन आहेत, म्हणजे सयाजीरावांच्या मुखवट्याचा बाबाशाही (बडोदा संस्थानाचा) रुपया बाहेर जाणार नाही. राजा रविवर्मांची चित्रं तर वयाशिवायही राष्ट्रीय कलानिधीत आहेत, म्हणजे तीही बाहेर जात नाहीत. छापील चित्राचं वय काठावर असेल तर पुरातत्त्व खात्याकडून ते पुरावशेष नसल्याचा दाखला घ्यायचा. खात्याचं वडोदरा मंडळ इथेच आहे. ‘अँटिक’ हा शब्द उगाच शोभेला लिस्टिंगमध्ये टाकू नये, कस्टम्सवाला तो वाचतो.

आणि चालू वा जुनं, कुठलंही नाणं किंवा नोट साध्या पाकिटात घालायची नाही. आंतरराष्ट्रीय टपालाच्या नियमांत ती फक्त विमा केलेल्या टपालातून जातात, तेही समोरचा देश घेत असेल तर.

दगडीछाप
कॅलेंडरं चाळीस-पन्नासच्या दशकातली आहेत, तेवढी सुटली म्हणायची. बाकी कपाटातच बरी.

सुरसागर_काठ
सगळ्यांचं वाचून आज एक लॉट बांधला. बाह्या थोड्या जाड निघाल्या, ९८.२ भरलं. ५ ग्रॅमची मोकळीक राहिली नाही. पुठ्ठा पातळ घेऊ?

पुठ्ठा_आणि_दोरी
ताई, पुठ्ठ्याला हात लावू नका. बारा बाह्यांऐवजी दोन-दोन कार्डं पाठीला पाठ लावून एका बाहीत घाला, सहा बाह्या पुरतात. पाच-सहा ग्रॅम तिथेच सुटतील. फक्त शाईने लिहिलेलं कार्ड असेल तर मध्ये पातळ बटर पेपरचा तुकडा ठेवा.

सुरसागर_काठ
९२.४!